हांकोच्या धक्क्यावर आई

ऑफिसनं दोन आठवड्यांसाठी हेलसिंकीला जायला सांगितलं, तेव्हा आई माझ्याकडे अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला आलेली होती. तिला इंग्रजी येत नाही, फोन वाजला तरी दचकते. एकटीला कशी ठेवणार? काढलं तिचंही तिकीट. कुणी असा बेत करत असाल तर शेंगेन व्हिसासाठी हाताशी भरपूर दिवस ठेवा, आणि आई-बाबांचा अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना, तेही आधी बघा.

खरं कारण आणखी एक होतं. सप्टेंबरात इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एका काकूंनी आईला विचारलं, "तुम्ही तिकडे काय करता?" आईनं तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "आमचा सी-फूडचा बिझनेस आहे."

आई हर्णेच्या बंदरावर माशांची पाटी घेऊन विकायला बसते. तीस वर्षं झाली. त्या पाटीच्या जोरावर मी इंजिनिअर झालो. एरवी जिचा आवाज अख्ख्या बंदरावर ऐकू जातो, ती गणपतीच्या त्या दिवसापासून माझ्याशी हो-नाहीपुरतं बोलू लागली. मला वाटलं, समुद्र दिसला की खुलेल. सरळ माफी मागायची सोडून माणूस काय काय खर्च करतो बघा!

पहिला आठवडा मी ऑफिसात आणि आई हॉटेलच्या खिडकीत. शनिवारी सकाळी हांकोची गाडी पकडली. फिनलंडच्या दक्षिण टोकाचं हे छोटंसं गाव; अर्ध्याअधिक लोकांची भाषा फिनिश, बाकीच्यांची स्वीडिश. हेलसिंकीहून दोन तासांच्या आत पोचता येतं, पण मध्ये एकदा गाडी बदलावी लागते. त्या स्टेशनच्या पाटीवर दोन नावं, कार्या आणि कारिस. ही दोन वेगळी स्टेशनं असतील, आपलं पुढचं असेल असं समजून मी बॅगा घेऊन दारातच अडून बसलो. शेवटी मागच्या आजोबांनी मला जवळजवळ ढकलूनच उतरवलं. तेव्हा लक्षात ठेवा, नावं दोन असली तरी स्टेशन एकच.

हांकोत उतरलो तर बोचरा वारा आणि स्वच्छ ऊन. हंगाम संपल्यामुळे निम्मी गेस्टहाउसं बंद होती, पण उघडी होती ती स्वस्तात मिळाली. किनाऱ्याला जुने लाकडी बंगले, पिवळे, पांढरे, निळसर. इथल्याच बंदरातून शंभरेक वर्षांपूर्वी फिनलंडची माणसं बोटीत बसून अमेरिकेला गेली. त्यातली बरीच आमच्या मिनेसोटात आली. दुपारी एका खानावळीत सामन माशाचं सूप घेतलं. ते दुधातलं आहे कळल्यावर आईनं वाटी लांब सारली. "माशात दूध? कोड उठेल अंगावर." तिनं काळा पाव आणि तळलेला मासा खाल्ला. मी दोन्ही वाट्या संपवल्या, अजून तरी काही उठलेलं नाही.

मग धक्क्यावर गेलो. एक साठीची बाई रबरी एप्रन घालून बोटीसमोर हेरिंग विकत होती. हा आपल्या तारलीच्या जातीचा मासा. गिऱ्हाईक बाई फिनिश बोलत होती आणि मासेवाली स्वीडिश. दोघी आपापली भाषा सोडत नव्हत्या, आणि तरी दोघींचं मस्त जमत होतं. मी मासेवालीला इंग्रजीत विचारलं, दोघी एकाच भाषेत का नाही बोलत?

ती म्हणाली, "तिचं मला कळतं, माझं तिला कळतं. आणि मासे तर समोरच आहेत."

आईनं विचारलं, "काय म्हणते ती?" मी सांगितलं. आई पदर खोचून पुढे झाली आणि एका माशाचा कल्ला अंगठ्यानं उचलून बघू लागली.

"आई, हात नको लावू! इथे नाही चालत. थांब, मी बोलतो."

"तू गप रे," आई म्हणाली. गणपतीनंतर पहिल्यांदा तिचा तो आवाज ऐकला. मग मासेवालीकडे वळून चक्क मराठीत, "ताजं आहे हो म्हावरं. पहाटेचं ना?"

मासेवालीनं स्वीडिशमध्ये काहीतरी लांबलचक सांगितलं आणि समुद्राकडे हात केला. आईनं मान डोलावली. एक हेरिंग उचललं, सुरी न घेता नुसत्या अंगठ्यानं पोट उघडलं, काटा सर्रकन ओढून काढला. मासेवाली बघतच राहिली. मग तिनंही एक उचललं आणि अगदी तसंच, अंगठ्यानंच साफ करून दाखवलं. दोघी अशा काही हसल्या की बोटीवरचा म्हातारा डोकावून बघायला लागला.

"या मासे विकतात का?" मासेवालीनं मला इंग्रजीत विचारलं.

"हो," मी म्हणालो. "तीस वर्षं."

तिनं दुसरा एप्रन काढून आईच्या हातात दिला. पुढचा तासभर आई साडी, स्वेटर आणि रबरी एप्रन अशा थाटात मासे साफ करून देत होती आणि समोर चांगली रांग लागली होती. मी बाजूला उभा राहून फोटो काढत होतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडून सांगावंसं वाटत होतं की ही माझी आई आहे.

परतीच्या गाडीत आई म्हणाली, "तिनं विचारलं तेव्हा काय सांगितलंस?"

"खरं ते."

"बरं झालं. इथे तरी सांगितलंस."

मी चुकलो म्हणालो.

एप्रनमधला तो फोटो आता ईडन प्रेरीत फ्रिजवर लावलाय. पण फोटो लावणं सोपं असतं. मंडळाच्या दिवाळीला एका शाळेच्या कॅफेटेरियात, श्रीखंडाच्या रांगेत त्याच काकू आईची कुणाशी तरी ओळख करून देत होत्या, "यांचा सी-फूड एक्सपोर्टचा बिझनेस आहे हं." दोन महिन्यांत एक्सपोर्टही सुरू झाला होता!

"नाही काकू," मी म्हणालो. "मी तेव्हा खोटं बोललो. आई हर्णेच्या बंदरावर मासे विकायची. पाटी घेऊन."

काकू गोऱ्यामोऱ्या झाल्या. त्यांची नात तेवढी म्हणाली, "वाव, सो कूल!"

रांगेत पुढे सरकलेली आई मागे वळली.

"विकायची काय रे? विकते! जानेवारीत गेले की दुसऱ्या दिवशी पाटी लावणार."

शाळेचा तो कॅफेटेरिया चांगला मोठा आहे. अगदी शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं.