पेडण्याहून आणलेलं इंजिन

आमची जीप डिचोलीच्या बाजारात बंद पडली ती पडलीच. गोवा मुक्तीनंतर आमच्या लाटंबार्से गावाला रस्ता आला होता, पण बस दिवसातून दोनदाच. मधल्या वेळेत आजारी माणसं, बाजारहाट, काजूची पोती, सगळं आमच्या जीपमधून जायचं. गाडी नवऱ्याची, चालवायचा धाकटा दीर. मेकॅनिकने इंजिन उघडलं आणि मान हलवली. ब्लॉकच तडकला होता.

"दुसरं जुनं इंजिन बघा," तो म्हणाला.

चार दिवसांनी कळलं, पेडण्याला जुन्या गाड्या मोडून सुटे भाग विकणाऱ्या एकाकडे तसंच इंजिन आहे. दोघे भाऊ निघाले. मीही चपला घातल्या.

"तू येवन काय करतलंस?" नवऱ्याने विचारलं.

"बघतलंय."

उगाच म्हटलं नव्हतं. माझं माहेर सर्वणचं. वडिलांचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, त्यात पाण्याचा डिझेल पंप. भाऊ खाणीवर कामाला लागले तेव्हापासून लग्न होईपर्यंत तो पंप मीच हँडल मारून सुरू करायचे. बिघडला की वडील खोलायचे आणि मी शेजारी बसून नट रॉकेलने धुवायचे. सासरी हे कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

पेडण्याच्या त्या माणसाने इंजिन माडाच्या सावलीत ओंडक्यांवर बसवलं होतं. धुऊनपुसून वर चंदेरी रंग मारलेला. तो बॅटरी आणायला आत गेला तेवढ्यात मी इंजिनावर तळहात ठेवला. चांगलंच गरम होतं. तो बाहेर आल्यावर मी विचारलं, "सकाळी चालू केल्लात काय?"

"नाय गे बाय. आठ दिवस कोणी हात लावूक नाय."

त्याने वायर लावली आणि इंजिन एका झटक्यात सुरू झालं. आवाजही गोड. दिराचा चेहरा खुलला. "वहिनी, मस्त चलता!"

"बंद करूक सांगा," मी म्हटलं. "थंड झाल्यावर परत बघूया."

दुकानदार हसला. "बाय, ही काय चूल नाय."

माझे कान तापले. नवऱ्याने एकदा माझ्याकडे, एकदा इंजिनाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "थांबूया."

जवळच्या हॉटेलात आम्ही उंडे पाव आणि पातळभाजी खाल्ली, चहा घेतला. माझ्या मनात मात्र एकच घोळत होतं. माझंच चुकलं असेल तर?

दुपारी परत गेलो तेव्हा इंजिन गार झालं होतं. आता स्टार्टर नुसताच फिरत राहिला. पाचव्या खेपेला इंजिन खोकत उठलं आणि अंगण धुराने भरलं. मी ऑइल ओतायचं झाकण काढून त्या तोंडावर तळहात धरला. चांगलं इंजिन तिथून हळूच श्वास सोडतं. याने माझा हात वर ढकलला आणि बोटांवर ऑइल उडवलं. आतल्या पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या, जोर खाली गळत होता. मी तो काळा हात नवऱ्यापुढे धरला.

"ह्या नको," तो दुकानदाराला म्हणाला.

दुकानदाराने इंजिन बंद करून वायर काढली. मग मला म्हणाला, "तुका कोणी शिकयला?"

"पंपान."

या वेळी तो मनापासून हसला. "मागे आणखी एक असा. पण दिसाक बरा नाय."

ताडपत्रीखाली ते इंजिन धुळीने, ग्रीसने माखलेलं होतं, आणि हाताला गार. दिराने पान्याने ते फिरवून पाहिलं; दर फेऱ्याला दाब नीट लागत होता. ऑइल काळं होतं, पण त्यात पाणी शिरल्याचा दुधट रंग नव्हता. दुसऱ्या झटक्याला ते सुरू झालं, थोडा धूर सोडून स्वच्छ झालं. झाकणाच्या तोंडावर मी तळहात धरला, तर नुसती ऊब. अर्धा तास ते चालू ठेवून मी शेजारी दगडावर बसून ऐकत राहिले.

"ह्याच घ्या," मी म्हटलं.

बसवण्याआधी मेकॅनिकने हेड उघडून आत बोट फिरवलं. सिलिंडर गुळगुळीत. "निवडलं कोणी?"

"हिणे!" नवरा इतक्या मोठ्याने म्हणाला की गॅरेजमधली सगळी माणसं वळून बघायला लागली.

पहिल्या खेपेला अकरा माणसं आणि काजूची चार पोती होती. पुढच्या सीटवर मला बसवलं होतं. लाटंबार्सेची चढण जीप दुसऱ्या गिअरमध्ये न थांबता चढली, आणि मागे बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

महिन्याभरात मयेचे एक मास्तर घरी आले. त्यांना जुनी गाडी घ्यायची होती. ओसरीवर बसून चहा घेतला आणि नवऱ्याला म्हणाले, "वहिनींना न्यायला आलोय." दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी मयेला गेले, आणि ती गाडी नापास करून आमच्या जीपने जेवणाआधी घरी परतले.