मावशीचे कंत्राटी देव

द्राक्षांचा घड देठाला धरून ती डोळ्यांसमोर उचलायची, एक डोळा मिटायची आणि जाहीर करायची, "आज गारोबा एक नंबरला!" की आमच्या टेबलाचा दिवस सुरू.

दिंडोरीच्या पॅकहाउसमध्ये मी तिच्या समोर बसायची. परदेशी जाणाऱ्या घडातले फुटके, बारके मणी कात्रीने काढायचे आणि घड डब्यात भरायचे, हे आमचं काम. तिला सगळ्या मावशी म्हणायच्या. वणीच्या अलीकडच्या गावातून ती यायची आणि येताना रोज नवा देव घेऊन यायची. हे देव कुठल्या पोथीत शोधू नका. सगळे तिनेच घडवलेले.

गारोबा गारांचा देव. महातापट, पण बायकोला टरकून. ढगोबा ठार बहिरा, त्याच्याकडे काही मागायचं तर बोंबलून मागावं लागे. साखरबाई रात्री मण्यांत गोडी भरत फिरायची, पण आळशी. एखादा वेल तसाच आंबट ठेवून खुशाल झोपायची. आणि कंटेनरनाथ! तो सगळ्यांना गिळायचा आणि समुद्रापार जाऊन ओकायचा. यांच्यात सगळ्यात ताकदवान कोण, यावरून टेबलावर रोज जुंपायची.

"काल तर कंटेनरनाथ पहिला होता ना?" मी एकदा चिडून विचारलं.

"त्याचं पोट बिघडलंय."

मला असल्या थापांचा भारी राग. म्हटलं, "अहो मावशी, घरात एवढे देव असताना ही नसती भरती कशाला?"

"वणीची आई लय कामात असती गं. तिला बारक्यासारक्यासाठी कशाला उठवायचं? हे आपले कंत्राटी. हंगाम सरला की सुट्टी!"

कप्पाळ! हसू मात्र यायचंच.

तुम्ही द्राक्षं घेताना मण्यांवर पांढरट झाक पाहिली असेल. तीच घडाची शोभा. बोट लागलं की पुसली जाते, म्हणून आमच्यात घड देठालाच धरतात, मण्याला हात लावत नाहीत. नवी मुलगी पहिल्याच दिवशी हे शिकते. आणि गेल्या हंगामात मावशीच्या घडांवर अंगठ्याचे ठसे उमटायला लागले. तिच्या बोटांना देठ कळतच नव्हता. चाचपडत चाचपडत ती मणीच धरत होती.

"मुंग्या येतात गं," ती हळूच म्हणाली. "पहाटे तर हात माझा हाय का दुसरीचा, तेच कळत नाय."

मी तिला जवळजवळ ओढतच नाशकात गंगापूर रोडच्या डॉक्टरांकडे नेलं. मनगटात शीर दबली होती. छोटं ऑपरेशन करा, नाहीतर हात कायमचा बधिर होईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. म्हणजे कात्री नाही, भाकरी थापणं नाही. दुसऱ्या दिवशी मावशी टेबलावर आली ती एकही देव न घेता. नुसती कात्र्यांची कचकच. मला तर काम सुचेना.

शेवटी मीच विचारलं, "आज कोण एक नंबरला?"

"कोणीच नाय. समदे माझ्याच तोंडातून निघालेले. मला भ्या वाटलं की त्यांचीबी बोबडी वळती."



ऑपरेशनच्या दिवशी तिला आत नेताना ती माझी ओढणी सोडेचना. तेव्हा मी, असल्या थापांवर नाक मुरडणारी मी, नर्ससमोर म्हणाले, "मावशी, तुमच्याबरोबर टाकोबा येतोय. टाके घालणारा. सगळ्यात ताकदवान तोच. गारोबासुद्धा त्याच्यापुढे चळाचळा कापतो."

"कुठून आणलास?"

"माझ्या तोंडातून निघालाय. आणि मला काडीची भीती नाही."

साफ खोटं.

फक्त हातच बधिर केला होता, त्यामुळे आत बाई जागीच. बाहेर आली ती पट्टी बांधलेला हात मिरवत.

"तुझा देव आत आलाच नाय गं," ती म्हणाली. "मी म्हटलं, बसू दे बाहेर. पोरगी माझ्यापरास जास्त घाबरलीय."

टाके निघाले, पण बोटं लवकर जागी होईनात. थोडं थांबा, असं डॉक्टर म्हणत राहिले. तेवढ्यात हंगाम संपला, आणि आईला एकटं कसं ठेवायचं म्हणून तिचा मुलगा तिला कायमचं सुरतेला न्यायला आला. मी नाशकात स्टँडवर पोचवायला गेले. रडायचं नाही असं ठरवलं होतं. डोंबल! बस लागली आणि माझा बांध फुटला.

"अगं वेडी का खुळी!" म्हणत तिने तोच बधिर हात माझ्या गालावर ठेवला, डोळे पुसायला. आणि थबकली. बोटं एकमेकांवर चोळली. पुन्हा गालाला लावली.

"ओलं लागतंय," ती म्हणाली. मग सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशी ओरडली, "आरं, हिचा गाल ओला लागतोय मला!"

मुलगा बसमधून हाका मारत होता. ती आपली माझा गाल चाचपत उभी. आणि मी, काय सांगू, तिला अजून कळत राहावं म्हणून मनसोक्त रडत होते.