आरपार गिटार

परवा नांदेडला एका लग्नात ती पुन्हा दिसली. आरपार गिटार. स्टेजवरच्या पोराच्या गळ्यात, काचेसारख्या पोटात निळे दिवे लावलेली. मंडळी ताटं तशीच ठेवून मोबाईलवर तिचे फोटो काढून राहिली होती. पोरगा काय वाजवतोय हे त्यांतल्या एकालाही सांगता आलं नसतं, बहुतेक त्या पोरालाही नाही. बायकोनं मला कोपरानं ढोसलं.

"बघा, माझी सवत आली."

मी मठ्ठ्याचा ग्लास तोंडाला लावला. जिचा सगळा गुण दिसण्यातच आहे अशा वस्तूबद्दल माझं मत फार वाईट आहे, आणि हे मत मी ऐकीव माहितीवर बनवलेलं नाही.

तेव्हा आम्ही उदगीरला राहायचो. वडील आडतीत मुनीम. मी बी.कॉम. कसाबसा पास होऊन घरी बसलेला, आणि माझ्याकडं एक जुनी इलेक्ट्रिक गिटार होती. बंद पडलेल्या एका बँडवाल्याकडून घेतलेली, अंगावरचा रंग नागिणीच्या कातीसारखा सोललेला. मला दोन गाण्यांच्या सुरुवाती येत होत्या. दोन्ही गाणी पुढं कुठं जातात याची मला फारशी कल्पना नव्हती.

भूकंपाला दोन-तीन वर्षं झाली होती. मधल्या काळात लातूरकडं मोठ्यानं वाद्य वाजवायला कोणी धजत नसे; लग्नंसुद्धा दबक्या आवाजात उरकायची. वाद्यं पुन्हा बाहेर आली ती क्लासवाल्यांमुळं. गल्लोगल्ली क्लास निघाले, क्लासमधून गुणवंत निघाले, गुणवंतांचे सत्कार निघाले, आणि सत्काराला ऑर्केस्ट्रा लागू लागला. माझ्या मामाचाही लातुरात क्लास होता. मामा स्वतः बारावीला दोनदा बसलेला, पण बोर्डावर 'सर' होता. त्याचा हॉल मुद्दाम पत्र्याचा. दगडाच्या घरात सोडाच, स्लॅबखालीसुद्धा लेकरू बसवायला तेव्हा कोणी तयार नव्हतं. 'हलके छप्पर, भक्कम निकाल' असं त्यानं जाहिरातीत छापलं होतं.

त्या वर्षीच्या सत्काराला नांदेडचा ऑर्केस्ट्रा येणार होता. त्याच्या मालकाला सगळे मास्तर म्हणायचे. त्यांच्या गिटारवाल्यानं लग्न करून किराणा दुकान टाकलं होतं. मामानं माझं नाव सुचवलं. मास्तर म्हणाले, "दोन गाणी आमच्यासंगं वाजवू द्या त्याला. जमलं तर आमच्याच टेम्पोत बसवून नांदेडला घेऊन जातो."

"आन् न्हाई जमलं तर दुसऱ्या दिवशी माझ्या हापिसात," मामा मला म्हणाला. "ॲडमिशनच्या खिडकीवर माणूस पायजे. खुर्ची रिकामी हाय."

म्हणजे एकीकडं नांदेड, स्टेज, गावोगावचे कार्यक्रम. दुसरीकडं खिडकी. हातात महिना होता. शहाण्या माणसानं त्या महिन्यात दोन्ही गाणी शेवटपर्यंत बसवली असती. मी काय केलं? मी गिटारीला नवं अंग करायला घेतलं.

टीव्हीवर कुठंतरी एका परदेशी माणसाच्या गळ्यात काचेसारखी गिटार पाहिली होती. ती डोक्यात बसलेली. उदगीरच्या जुन्या बाजारात नावाच्या पाट्या करणारे एक चाचा होते. त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या अक्षरं कोरायचं काम. क्लासवाल्यांना उजेड पडणारे बोर्ड हवे झाले तसे चाचा पितळ सोडून ॲक्रिलिककडं, म्हणजे काचेसारख्या प्लास्टिककडं, वळले होते. मी त्यांना कागदावर आकार काढून दाखवला. चाचांना आयुष्यात कुठली गोष्ट जमणार नाही असं कधी वाटलंच नव्हतं.

"लकडी में क्या रक्ख्या बेटा? लकडी कू घुन लगता. इसकू क्या लगींगा? तेरे पोते बी बजाएंगे!"

त्यांनी चार तक्ते एकावर एक क्लोरोफॉर्मनं चिकटवले. दुकानात त्याचा असा वास सुटला की मला तिथंच गुंगी आली. ती पुढं महिनाभर उतरली नाही. मग करवत, कानस, पॉलिश. जुन्या गिटारीचा दांडा आणि तारा काढून नव्या अंगावर बोल्टनं आवळल्या. तयार झालेली चीज गळ्यात अडकवली तेव्हा जात्याची तळी बांधल्यासारखं वाटलं. बसून वाजवावी तर मांडीवरून घसरायची. बोट लावलं की ठसा उमटायचा. आणि आरपार असल्यामुळं आतलं सगळं दिसायचं: लाल-पिवळ्या वायरी, आणि मी स्वतः डाग दिलेल्या कथलाचे दहीभातासारखे गोळे. अहो, लाकूड हे सगळं झाकतं. झाकणं हा केवढा मोठा गुण आहे हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं.

वडिलांनी, आमच्या दादांनी, ती दिव्यासमोर धरून बघितली. भूकंपापासून त्यांना एक सवय लागली होती. कुठंही गेले की भिंतीवर बोटानं टकटक करायचे, आत काय भरलंय ते ऐकायचे. तशीच टकटक त्यांनी गिटारीवर केली.

"आत तर काहीच न्हाई की रे."

"तेच तर भारी हाय ना, दादा. सगळं दिसतंय."

"पोत्यात परखी खुपसून माल बघतो आपण. तू पोतंच काचेचं करून आणलंस. म्हणून काय आतला माल चांगला ठरतो व्हय?"

मला ते बोलणं अडाणीपणाचं वाटलं. मी आरशासमोर उभा राहून मान झटकायचा सराव केला.

सत्काराच्या दिवशी मी हॉलमध्ये शिरलो आणि खरंच गर्दी झाली. पोरं, पालक, क्लासचे दोन-तीन शिक्षक, सगळे गिटारीतून एकमेकांची तोंडं बघू लागले. मामाची छाती फुगली. भाच्याचं नवं वाद्य पूजेशिवाय स्टेजवर चढवायचं नाही, हे त्यानं जाहीर केलं. आपल्याकडं नवी मोटरसायकल असो की नवा पंप, हळदी-कुंकू लागल्याशिवाय त्याला हात लावत नाहीत. मामीनं बोटं ओढली, मामानं नारळ फोडला. इथवर ठीक होतं. पण पाहुण्यांना लावायला मामानं फवाऱ्याचं सेंट आणलं होतं, परदेशी. प्रमुख पाहुण्यांच्या मनगटावर एकेक फवारा मारून झाला आणि उरलेली बाटली त्यानं मोठ्या मनानं गिटारीवर रिकामी केली. "हीपण आपली पाव्हणीच की!"

सेंट म्हणजे निम्म्याहून जास्त स्पिरिट. आणि बोल्टनं ताणलेल्या ॲक्रिलिकला स्पिरिट चालत नाही. हे त्या हॉलमध्ये कोणाला ठाऊक नव्हतं.

पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा बोल्टांभोवती केसाएवढ्या रेघा दिसल्या. मला वाटलं, कुंकवाचे ओघळ. बोट फिरवलं तर बोटाला काही लागेना. रेघा आत होत्या. पण समोर सगळा हॉल डोळे फाडून माझ्याकडं बघत होता आणि मास्तर पेटीवरून मान डोलावत होते. असल्या वेळी रेघा कोण बघतं? मी मान झटकली. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या गाण्यात मी एक तार जोरात वर ओढली आणि दांडा अंगापासून सुटला.

ॲक्रिलिक फुटलं त्याचा आवाज तसा वाटी फुटल्याएवढा असेल. पण गिटारीची वायर जोडलेली होती आणि आवाज वाढवणारी यंत्रं पूर्ण उघडी होती. तो कडाका स्पीकरच्या खोक्यांतून बाहेर आला, पत्र्यावर आदळला आणि पत्रा या टोकापासून त्या टोकापर्यंत थरथरत गेला.

कोणी ओरडलंसुद्धा नाही. पोरांना शिकवून ठेवलेलं होतं: आवाज झाला की हातातलं टाकायचं आणि मैदानात. डोळ्यांची पापणी लवते तेवढ्यात हॉल रिकामा. प्रमुख पाहुणे हार घातलेल्या अवस्थेत खिडकीतून गेले. मामा कधी गेला ते दिसलंच नाही. स्टेजवर मी एकटा उभा, गळ्यात ॲक्रिलिकचा धोंडा आणि तारांना लोंबकळणारा दांडा.

बाहेर आलो तर मैदानात बाया आपापल्या लेकरांना चाचपून बघत होत्या. एक म्हातारी खाली बसून जमिनीवर तळहात टेकवून होती, अजून हलतंय का ते बघत. माझ्या हातातले तुकडे बघून आधी एकजण हसला, मग सगळेच. म्हातारी मात्र तळहात उचलेना. मी ते तुकडे पाठीमागं लपवायला गेलो, पण आरपार वस्तू लपवायची कशी?

लोक हळूहळू आत परतले. मास्तर शांत माणूस. त्यांनी टेम्पोतून ऑर्केस्ट्राची जादा गिटार काढून दिली. लाकडाची, काळी, कडेला चिकटपट्टी लावलेली. "घे. गाणं पुरं कर."

मी वाजवायला लागलो. आता बघण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळं लोकांनी पहिल्यांदाच ऐकलं. मीही पहिल्यांदाच ऐकलं. तबलेवाला माझी वाट बघून पुढं जायचा, मी त्याला गाठायचो तोवर गाणं तिसरीकडं. मधल्या ओळीला मी चक्क थांबलो, कारण ती मला येतच नव्हती. पुढच्या रांगेतल्या एका पोरानं कानात बोट घातलं. त्याच्या आईनं ते काढलं, पण घाईनं नाही.

कार्यक्रम संपल्यावर मास्तर टेम्पोला सामान बांधून घेत होते. मी शेजारी पिशवी घेऊन उभा. आईनं त्यात नांदेडसाठी दोन जोड कपडे आणि दशम्या भरल्या होत्या.

"मास्तर, मी..."

त्यांनी दोरीची गाठ आवळली. "खोटं बोलत न्हाई भाऊ. तुझी ती फुटली नसती ना, तर तुला घेतलंच असतं. लोक तिच्याकडंच बघून राहिले होते की."

टेम्पो नांदेडच्या रस्त्याला लागला. दशम्या मी क्लासच्या ओट्यावर बसून खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी खिडकीवर बसलो तो आजतागायत. क्लास आता तीन मजली आहे, भूकंपही लोक विसरले. मामानं अलीकडं आपली केबिन सगळी काचेची केली. बाहेरून पालकांना सर विचार करताना दिसतात. पालक भारावून जातात. कोणी काचेवर टकटक करून बघत नाही.

चाचांनी सेंटची गोष्ट वर्षभर मान्य केली नाही. शेवटी एका तुकड्याला बोल्ट आवळून त्यांनी स्वतःच त्यावर सेंट मारलं, आणि त्यात तशाच रेघांची जाळी धरली तसे मामाच्या नावानं सुरू झाले, "मेरे माल कू अत्तर लगाव बोलके किसने बोला था?"

गिटारीचं धड आईनं ठेवून घेतलं. उन्हाळ्यात गच्चीवर ती त्याच्यावर पापड वाळत घालायची. पापड चिकटायचे नाहीत, एका झटक्यात सुटून यायचे. शेजारणी बघायला आल्या की आई सांगायची, "लेकानं करून घेतलंय. लई कामाचं हाय."