तापलेल्या मटक्याचा वास

सुनेने आज अंगणातल्या चुलीवर मटका उपडा घातला. माती तापल्याचा वास आला आणि मला रुआबांधा वस्तीतलं एक लग्न आठवलं. तेव्हा आमचा हा भाग मध्य प्रदेशातच होता. लांब पोळ्यांच्या कामाची मुख्य बाई म्हणून मला पहिल्यांदाच नेमलं होतं. पीठ हातांवर लांबवून मटक्यावर टाकायचं, ते मी कुणालाच करू दिलं नाही.

शेजारची कमल म्हणाली, "बाई, मले एक तरी टाकू द्या नं."

"फाटली तं पाव्हण्यायले भोक वाढू का?"

सगळ्या हसल्या. कमलही हसली आणि दिवसभर चुलीत लाकडं सारत राहिली.

आता माझे हात थरथरतात. सून विचारते, "आई, पोळी टाकायले कोणाले बोलवू?"

कमल मागच्याच गल्लीत राहते. तिला अजूनही फक्त जाळ घालता येतो.