उधाणातली सभा

समाजमंदिरात खुर्च्यांच्या रांगा मांडल्या होत्या आणि जवळजवळ सगळ्या रिकाम्या होत्या. खाडीच्या तोंडाशी जाळी लावायला बंदी घालायची, त्यावर कोळीवाड्याचं म्हणणं ऐकायला ही सभा. खिडकीतून बंदर दिसत होतं. तिथेही एकही होडी नव्हती.

कशी असेल? काल पौर्णिमा झाली. उधाणाला पाण्याला ओढ असते, तेव्हाच आमच्या जाळ्यात मासळी भरते. पाणी मंदावून भांग लागला की होड्या परततात. लग्नं, बैठका, भांडणंसुद्धा आम्ही भांगातच उरकतो.

सभा घ्यायला आलेल्या मत्स्यखात्याच्या साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं आणि ‘कोणाचीही हरकत नाही’ असं लिहायला सांगितलं. लोकांना विचारलं हे दाखवायला लोक लागतच नाहीत, मांडलेल्या खुर्च्या पुरतात.

मी उठले. “साहेब, माणसं समुद्रात आहेत. आठ दिवस थांबा.”

“बाई, तारीख तुमच्या अध्यक्षांनीच दिली,” ते म्हणाले.

आमच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष म्हणजे माझे चुलत दीर, साहेबांच्या शेजारीच बसलेले. परक्याला आपलं पाणी कळत नाही, म्हणून त्याला माफ तरी करता येतं. “भावजी, आजचीच तारीख?” मी विचारलं. त्यांनी चहाचा कप साहेबांपुढे सरकवला.

त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर कॅलेंडर होतं. सगळ्या वाड्यासाठी त्यावर उधाण-भांग दरवर्षी तेच लिहितात. आजच्या चौकोनात, त्यांच्याच वळणदार अक्षरात, लाल शाईनं ‘उधाण’ लिहिलेलं होतं.