आज जिना चढायचा नाही

"सेरेब्रल पाल्सी," डॉक्टर म्हणाले, तेव्हा इरा दीड वर्षाची होती. म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे तिच्या पायांचे स्नायू आखडलेलेच राहणार. "पूर्ण बरं होणार नाही, पण फिजिओथेरपी सोडू नका." मी मान डोलावली. रडू आलं ते दुबईत, करामाच्या घरी, भांडी घासताना.

आता ती सहा वर्षांची आहे. आजाराची सवय झाली, इन्शुरन्सची नाही. दर बारा सेशन्सनंतर नवं अप्रूव्हल लागतं, म्हणजे कंपनीची आगाऊ मंजुरी. त्यासाठी थेरपिस्टचा रिपोर्ट. सुधारणा दिसली नाही, तर उपयोग नाही म्हणून बंद. जास्त दिसली, तर गरज नाही म्हणून बंद. कायमचा आजार म्हणजे कायमचा, हे यांच्या डोक्यात का शिरत नाही, देव जाणे. गेल्या वर्षी पाच आठवडे मंजुरी अडकली आणि इरा पुन्हा वॉकरवर आली. फोनवर एकच उत्तर, "इन्शाल्ला, टुमॉरो."

गेल्या महिन्यात ती बिल्डिंगच्या चार पायऱ्या कठडा न धरता चढली. मी आनंदाने ओरडायचं सोडून घाबरले. रिपोर्ट दोन दिवसांवर होता.

क्लिनिकला जाताना टॅक्सीत तिला बजावलं, "आज जिना चढायचा नाही. दमले म्हणायचं."

थेरपिस्टनी लाकडी पायऱ्या पुढे सरकवल्या. इरा जागची हलेना.

"आय कॅन डू इट," ती म्हणाली, "बट मम्मा सेड नो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. थेरपिस्ट केरळचे, शांत माणूस. "मॅडम, रिपोर्ट लिखना मेरा काम है. बच्ची को मत सिखाइए कि उसको नहीं आता."

मग ती चढली. त्यांनी खरं ते लिहिलं, आणि खंड पडल्यावर मागे काय झालं होतं तेही.

बारा सेशन्स मागितली, सहा मिळाली. आता पुन्हा फोन सुरू. मी थकले आहे, खोटं कशाला सांगू? तुमच्या घरी असं मूल असेल, तर तुम्हीही थकाल, युक्त्या शोधाल. त्यांत मुलाला ओढू नका. आपली भीती थेरपिस्टना सरळ सांगा. मी ती कधी सांगितलीच नव्हती.

त्या दिवशी घरी परतल्यावर इरा लिफ्टऐवजी जिन्यापाशी थांबली. पाय उचलण्याआधी तिने माझ्याकडे पाहिलं.

"मम्मा, अ‍ॅम आय अलाउड?"

इतकी वर्षं मी मंजुऱ्या मागत फिरले, आणि आता माझी लेक ती माझ्याकडे मागत होती. "चढ गं बाई," एवढंच कसंबसं म्हणाले.