एकाच बटणाचं खोकं

समस्त कोल्हारकर, त्यांचे पाहुणेरावळे आणि नगर-मनमाड रस्त्याने जाता-येता आमच्याकडे चहाला थांबणारे प्रवासी यांना गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, ज्या भानुदासअण्णांच्या कर्ण्यांनी या पंचक्रोशीची झोप वर्षानुवर्षे उडवली, त्याच अण्णांनी नव्वदचं दशक संपता संपता जिल्ह्यातला सर्वांत मुका अ‍ॅम्प्लिफायर खरेदी केला. तो ऐन भरात वाजत असताना शेजारी बसलेल्या मांजरालाही पत्ता लागत नसे. या ऐतिहासिक खरेदीला प्रस्तुत लेखक जातीने हजर होता.

अण्णांचा धंदा लाउडस्पीकरचा. लग्न असो, उरूस असो, जयंती असो, टेम्पोतून कर्णे उतरले की ते अण्णांचेच. मी कोल्हारात कॉम्प्युटरचा क्लास काढला तेव्हा उद्घाटनाला त्यांनाच बोलावलं आणि पहिल्याच भेटीत चकित झालो. लाउडस्पीकरवाला म्हटल्यावर ‘हॅलो हॅलो’ आलंच. अण्णांनी माइकवर नुसती नखाने टिचकी मारली, मान हलवली आणि कर्ण्याचं तोंड प्रवरा नदीकडे फिरवून टाकलं.

“अण्णा, हॅलो म्हणा की,” मी म्हणालो.

“माइकला बोटानं कळतंय, सर. उगं वरडायचं कशाला?”

परिणामी प्रमुख पाहुण्यांचं भाषण तिसऱ्या रांगेच्या पुढे गेलं नाही. भाषण पाहता ही समाजसेवाच होती. पण मागून कुणीतरी म्हणालंच, “अण्णा, उद्घाटन हाय का दहावा?” अण्णा हसले, पण बटणाला हात लावला नाही. पुढे कळलं की हे हल्ली सगळीकडेच चालतं. वरातीत पोरं नाचायला उभी राहायची आणि अण्णा आवाज खाली आणायचे. गिऱ्हाइकं हळूहळू बेलापूरच्या दुसऱ्या साउंडवाल्याकडे जाऊ लागली होती. अण्णांना त्याचं काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं.

त्यांच्या बायकोला, शांताकाकूंना, ऐकू येईनासं झालं होतं.

लग्न झाल्यापासून काकू प्रत्येक कामाला अण्णांबरोबर जात. अण्णा बांबूवर चढून कर्णे बांधणार आणि काकू खाली टेबलाशी बसून आधी तबकड्या, मग कॅसेटी बदलणार. अख्ख्या तालुक्यात साउंड सर्व्हिस चालवणारं असं जोडपं दुसरं नव्हतं. फक्त एक गोष्ट अण्णांनी केली होती. सुरुवातीला कर्ण्याची वायर आखूड घेतली होती. ती नंतर त्यांनी कधी बदलली नाही, कारण काम भागत होतं. त्यामुळे टेबल नेहमी बांबूच्या बुडाशी, बरोबर कर्ण्याखाली. अण्णा बांधाबांध झाली की चहाला हिंडायचे. काकू तिथेच.

“वायर आखूड पडली, सर,” अण्णा मला म्हणाले. नंतर कितीतरी वेळा म्हणाले. नगरच्या कानाच्या डॉक्टरांनी ‘वयाने असेल, आवाजानेही असेल’ असं सांगितलं होतं. त्यातलं पहिलं वाक्य अण्णांनी ऐकलंच नव्हतं.

डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं. ते शिट्टी मारायचं. काकूंनी चार दिवस घातलं आणि काढून कुंकवाच्या डबीशेजारी ठेवून दिलं. “कानात रातकिडा कोन पाळनार?” म्हणाल्या. मग अण्णांनी टेपरेकॉर्डरला हेडफोन लावून पाहिले, तर आवाज वाढवला की कॅसेटची खरखरही तितकीच वाढायची. त्यांना कुणीतरी सांगितलं की कॉम्प्युटरवर सीडी लागते आणि तिला खरखर नसते. म्हणून अण्णा एका सकाळी काकूंना घेऊन माझ्या क्लासमध्ये आले.

मी सनईची सीडी लावली, काकूंच्या डोक्यावर हेडफोन चढवले, आवाज पूर्ण वाढवला. काकू बराच वेळ डोळे बारीक करून बसल्या.

“काय ऐकू येतंय?” अण्णांनी हाताने विचारलं.

“मुंगी चालल्यावानी,” काकू म्हणाल्या.

अण्णांचा चेहरा पडला. मी घाईघाईने सांगितलं की दोष कानांचा नाही, कॉम्प्युटरच्या आत जे आवाजाचं कार्ड असतं त्यात दम नसतो. मधे हेडफोनसाठी वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लावायला हवा. अ‍ॅम्प्लिफायर हा शब्द ऐकताच अण्णा ताठ झाले. हा प्रांत त्यांचा होता. आठवड्याभरात त्यांनी कॉम्प्युटर घरात आणून त्याच्यावर काकूंनी विणलेला रुमाल घातला आणि मला घेऊन नगरच्या एसटीत बसले.

नगरमध्ये ऑर्केस्ट्रावाल्यांना सामान विकणारं एक दुकान होतं. अण्णांनी आत शिरताच विचारलं, “किती वॅटचा हाय?”

दुकानदाराने काडेपेटीपेक्षा थोडं मोठं खोकं पुढे केलं. “मामा, हेडफोनला अर्धा वॅट म्हणजे डोक्यावरून पाणी.”

“अर्धा?” अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना लग्नाच्या पंगतीत अर्धी पुरी वाढली.

पण दुकानदाराने खोकं सीडीला जोडून दिलं तसे त्यांनी हेडफोन घातले, डोळे मिटले. काढले तेव्हा म्हणाले, “आवाज चोख हाय. पन भोक एकच.”

“एकाच माणसासाठी असतो तो, मामा.”

“तिला एकटीला बसवू व्हय? आन मी काय समोर बसून तिचं तोंड बघू?”

दुकानदाराने दुसरं खोकं काढलं. याला दोन हेडफोन लागत होते, पण आवाजाचं बटण एकच. म्हणजे काकूंना लागेल तेवढा आवाज दोघांच्याही कानात. मी म्हणालो, हे नको. दुकानदारही म्हणाला, नको. दोन भोकं आणि दोन बटणं असलेला पुण्याहून मागवून देतो, पंधरा दिवस थांबा. मला तो उपाय एकदम पसंत पडला. अण्णांनी मात्र त्याच खोक्याचे हेडफोन कानांवर चढवले आणि बटण फिरवत नेलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“मामा, काढा ते,” दुकानदार घाबरून म्हणाला.

“तिला एवढाच लागंल,” अण्णा म्हणाले. “ह्योच बांधा.”

परतीच्या एसटीत मी त्यांना पुष्कळ समजावलं. माझ्या वक्तृत्वाचा मला तेव्हा फार अभिमान होता. सांगितलं की तुमचे कान शाबूत आहेत, ते असे फोडून काकूंचे काही परत येणार नाहीत. राहुरी येईपर्यंत ते खिडकीबाहेर उसाकडे बघत होते.

मग म्हणाले, “जाऊ द्या की गेले तर. दोघं एका मापात येऊ.” आणि थोड्या वेळाने, “काई बोलली न्हाई वो ती कधी. डोकं दुखलं तरी पदर बांधून बसायची. मला वाटायचं, ऊन लागतंय.”



दुसऱ्या दिवशी दुपारी मी वायरी जोडायला त्यांच्या घरी गेलो. गल्ली उन्हात निपचित पडली होती. अण्णा आणि काकू लोखंडी कॉटवर शेजारी शेजारी बसले, मुलगी बघायला आल्यासारखे अवघडून. दोघांच्या डोक्यावर हेडफोन. मी सनईची तीच सीडी सुरू केली. खोलीत काहीच वाजत नव्हतं. फक्त पंखा आणि दोन चेहरे.

अण्णांनी खोकं हातात घेऊन बटणाला बोटं लावली. थोडं फिरवलं आणि काकूंकडे पाहिलं. काकूंचा चेहरा कोरा. आणखी थोडं. अण्णांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आणखी. आता त्यांनी डोळे घट्ट मिटले, जबडा आवळला, पण बोटं थांबली नाहीत. मी उठून त्यांचा हात धरणार होतो. तेवढ्यात काकूंनी चटकन मान वळवून खिडकीकडे पाहिलं. मग दाराकडे. कुठे लग्न लागलंय ते शोधत होत्या. शोधता शोधता त्यांचं लक्ष अण्णांच्या हातातल्या खोक्याकडे गेलं आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

अण्णांना यातलं काही दिसत नव्हतं. ते डोळे मिटून बटण फिरवतच होते.

काकूंनी त्यांच्या मनगटावर चापट मारली आणि, कानांवर हेडफोन असल्याने स्वतःच्या आवाजाचा अंदाज न येऊन, थेट नदीपर्यंत जाईल अशा खणखणीत आवाजात त्या म्हणाल्या, “अवो, कमी करा की जरा, समोरची सुमन बाळंतीन हाय, पोर उठंल तिचं.”